उजव्या पायाचं फूल

लूर्दुमाता आमच्या घरी राहायला आली ती आरोग्यम्माच्या मोतीबिंदूमुळे.

ब्याण्णव साल, श्रावण संपत आलेला. आम्ही तारनाक्याला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. बाबा, म्हणजे उमाजी, रेल्वेत कारकून. आई, चतुराबाई, घरातल्या देवांची कारकून. मी युवराज, वय बावीस, पदवीधर, आणि माझ्या नावाला शोभेल असं राज्य अजून कुठे निघालेलं नव्हतं. भिंतीपलीकडच्या खोलीत आरोग्यम्मा. रेल्वेच्या दवाखान्यातली निवृत्त आया, तेलुगू कॅथलिक, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. तिला मराठी आईनं शिकवली, आईला तेलुगू तिनं, आणि दोघींना दखनी बाजारानं. दोघी बोलायला बसल्या की तीन भाषा जखमी व्हायच्या, पण दोघींना सगळं समजायचं.

आरोग्यम्माचा एक डोळा लहानपणीच गेलेला होता. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनला जायच्या आदल्या संध्याकाळी ती टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी तान्ह्या बाळासारखं छातीशी धरून आमच्या दारात आली.

"चतुरक्का, आठ दिवस हिला ठेवून घे. घर बंद, दिवा नाही. अंधारात आईला एकटी कसं सोडणार?"

"अगं, ठेव की. कुंकू लावू का?"

"कुंकू नक्को. एक मेणबत्ती, साडेसहाला. फूल असलं तर फूल."

"आणि नैवेद्य?"

"ती जेवत नाही."

आईला हे पटलं नाही. आमच्या घरातले सगळे देव जेवायचे.

टॉवेल सोडला. दीड फूट उंचीची प्लास्टरची बाई, पांढरा झगा, निळा कमरपट्टा, जोडलेले हात, नजर थोडी वर. पाय अनवाणी. लूर्दुमातेच्या दोन्ही पायांवर एकेक उठावाचं, पिवळं गुलाबाचं फूल रंगवलेलं असतं, हे मला पुढे कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं, की आरोग्यम्मानं वाकून तिच्या डाव्या पायाचा मुका घेतला आणि त्या पायावरचा रंग, फूल, बोटं, सगळं झिजून आतलं पांढरं उघडं पडलं होतं. उजव्या पायाकडे मी पाहिलं नाही. पुढचं सगळं त्यामुळे घडलं.

"चाळीस वर्षं झाली," ती म्हणाली. "लग्नात आणली. रोज सकाळी एक." मग आईचा हात धरून म्हणाली, "पट्टी सुटली की पहिलं हिचं तोंड बघणार मी. डॉक्टरचं नंतर."

देव्हाऱ्यात खंडोबा, तुळजाभवानी आणि बालाजी आधीच खांद्याला खांदा लावून बसले होते. म्हणून आईनं घरातली सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत पुसलेली जागा काढली. टीव्ही. त्यावर विणलेला रुमाल, रुमालावर लूर्दुमाता. साडेसहाला मेणबत्ती लागायची, मग सातच्या तेलुगू बातम्या तिच्या पायाखाली व्हायच्या. नैवेद्याचं आईनं काय केलं ते मी विचारलं नाही, पण तीन दिवस टीव्हीजवळ मुंग्या होत्या.

चौथ्या दिवशी आमच्या गल्लीत केबल आली. सरकारनं देश उघडला, असं बाबा पेपर वाचून सांगायचे. आमच्या घरी तो खिडकीच्या वरच्या गजातून, काळ्या वायरीच्या रूपानं उघडला. केबलवाला गच्चीवर होता, मी खाली. तो वरून ओरडला, "खेंचो." मी खेंचलं. वायर टीव्हीला वळसा घालून आली होती. तिचा तिढा लूर्दुमातेच्या कमरेला बसला आणि ती खाली आली.

टीव्हीला काही झालं नाही. त्याच क्षणी त्याच्यावर चित्रही आलं. परदेशातली दोन माणसं हिरवळीवर टेनिस खेळत होती.

मान वेगळी झाली होती, जोडलेले हात वेगळे, बाकी तुकडे. चेहऱ्यावरचं हसू होतं तसंच होतं. आई स्वयंपाकघरातून आली, बघितलं, आणि रागावली नाही. मी तिथेच घाबरलो. तिनं धुतलेलं लुगडं अंथरलं आणि शेंगदाण्याएवढा तुकडासुद्धा सोडला नाही.

"चिकटवू," मी म्हणालो. "सुलतान बाजारात एक मिळतं, लोखंडसुद्धा चिकटतं."

"माणसाची मान चिकटवतोस का तू?"

"ती माणूस नाही ना, आई."

"म्हणून तर."

मी तरीही गेलो. बस बदलून सुलतान बाजार, कापडाच्या ढिगांतून वाट काढत हार्डवेअरचं दुकान, तिथं दोन नळ्यांचा गोंद, परत बस. अडीच तास गेले. घरी आलो तर फरशी पुसलेली, टीव्ही बंद, आईबाबा दोघं आंघोळ करून बसलेले. दोरीवर टाकलेलं बाबांचं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं.

"तुकडे कुठे आहेत?"

बाबा पेपरमागून म्हणाले, "खंडित मूर्ती घरात ठेवत नसतात."

"कुठे आहेत?"

"टँकबंडच्या तळ्यात सोडली," आई म्हणाली. "ओटी भरून. हिरवा खण, नारळ, पाच सुपाऱ्या. रिक्षावाल्याला चप्पल काढायला लावली."

गणपती बसायला अजून पाच दिवस होते आणि आमच्या घरचं विसर्जन झालंही होतं.

मी खाली बसलो. "आई, त्यांच्यात असं करतात का, ते विचारलं का कोणाला?"

"देवीची मूर्ती भंगली तर पाण्यातच सोडतात. सगळ्यांच्यात तसंच असणार." ती हे बोलली, आणि बोलता बोलता तिच्या तोंडावरचा रंग उतरत गेला. एवढ्या मायेनं केलेली गोष्ट चुकीचीही असू शकते, हे तिच्या तेव्हा पहिल्यांदा ध्यानात आलं असावं. "युवराज," ती हळू आवाजात म्हणाली, "ती येऊन पहिलं तिलाच मागणार रे."

मग मी ते केलं जे फक्त बेकार माणसाला सुचतं.

सिकंदराबादला एका चर्चच्या फाटकासमोर अशा मूर्तींचं दुकान आहे. तशीच लूर्दुमाता मिळाली, तोच साचा, तीच नजर. मी तिला दोन्ही हातांनी उचललं तर दुकानदार म्हणाला, "आराम से पकडो, डरने का नहीं. अभी माल है. फादर पानी छिडके तो माता."

हे ऐकून मला बरं वाटलं. मालावर प्रयोग करायला हरकत नसते.

मागच्या मोरीत बसलो, पॉलिशपेपर घेतला आणि डावा पाय घासायला लागलो. आधी फूल गेलं, मग अंगठ्याचा रंग, मग नखं. आरोग्यम्माच्या डोळ्याला पट्टी असणार, तेव्हा मूर्ती ओळखणार ते तिचे ओठ. म्हणून मी मधूनमधून बोट फिरवून पाहायचो, गुळगुळीत झालं का. चाळीस वर्षांचे मुके मी पाऊण तासात उरकले. पांढरी पूड बोटांना लागली होती, आणि ती पँटला पुसायची हिंमत होत नव्हती. माल होता, तरी होत नव्हती.

आई दारात येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "हे आता कोणत्या देवाला सांगायचं?"

मी पॉलिशपेपरची घडी घातली.

आरोग्यम्मा गुरुवारी दुपारी आली. डोळ्यावर जाड पट्टी, वर हिरवं फडकं. पट्टी शनिवारी सुटणार होती. मी तिचा हात धरून तिच्या खोलीत नेलं. नवी मूर्ती मी आधीच तिच्या कोनाड्यात ठेवली होती. ती पाणीसुद्धा न पिता कोनाड्यापाशी गेली, चाचपलं, वाकली आणि डाव्या पायावर ओठ टेकले.

मी आणि आई दारात. आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की तिच्या बांगड्या मला रुतत होत्या.

आरोग्यम्मा सरळ झाली. "धुतली काय गं हिला?"

"पुसली," आई म्हणाली. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचा आवाज.

मग आरोग्यम्माचा हात मूर्तीच्या उजव्या पायाकडे गेला. बोट तिथे थांबलं. परत फिरलं, परत थांबलं. पाकळ्यांचे उंचवटे ती एकेक करून मोजत असल्यासारखी चाचपत होती. मग ती गुडघ्यांवर बसली.

"फूल आलं," ती म्हणाली. "रायप्पाचं फूल परत आलं, चतुरक्का."

रायप्पा तिचा नवरा. रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर. डावा पाय तिचा होता, उजवा त्याचा, हे आम्हाला त्या क्षणी कळलं. रोज ड्यूटीला जायच्या आधी तो उजव्या पायाचा मुका घ्यायचा. त्याच्या ओठांनी ते फूल कधीच जाऊन तिथं तेलकट करडा डाग उरला होता. बारा वर्षांपूर्वी एका सकाळी दोघं भांडली. कशावरून ते आरोग्यम्मानं सांगितलं नाही. तो मुका न घेता तसाच तरातरा निघून गेला. त्याच दुपारी वर्कशॉपातून माणूस निरोप घेऊन आला.

"तेव्हापासून मी त्या पायाला तोंड लावलं नाही," ती म्हणाली. "तोंड नव्हतं मला. आता बघ. त्यानं माफ केलं." ती रडत होती आणि पट्टी भिजत होती, आणि डॉक्टरनं पट्टी भिजवू नका असं सांगितलं होतं. "शनिवारी पट्टी सुटली की पहिलं ते फूल बघते. इतवारी फादरला सांगते. अख्ख्या चर्चला सांगते."

मी आयुष्यात बऱ्याच थापा मारल्या आहेत. चमत्कार ही पहिलीच.

गुरुवार संध्याकाळ आणि शुक्रवार दुपार, आरोग्यम्माच्या खोलीतून गाणं ऐकू येत होतं. बारा वर्षांत ते ऐकलं नव्हतं, आई म्हणाली. शुक्रवारी आरोग्यम्मानं आमटीभात दोनदा मागून घेतला. बाबा जेवताना म्हणाले, "राहू द्या ना. म्हातारी सुखात आहे." आईनं ताटातला घास परत ताटात ठेवला.

"शनिवारी ती डोळे उघडून काय बघणार, सांगा? ह्यानं घासलेली बाहुली? आणि तिच्यापुढं हात जोडणार? त्यापेक्षा तिला आंधळी ठेवलेली बरी."

आई माझ्याकडे वळली. "तू सांगतोस का मी सांगू?"

साडेसहाला आम्ही गेलो. मेणबत्ती मी लावली. गंमत करत सुरुवात करायची असं वाटेत ठरवलं होतं, म्हणजे वाटेतल्या चार पावलांत. पण तोंड उघडलं तर सगळं एका ओळीत, सरळ बाहेर आलं. वायर, पडणं, मान, टँकबंड, दुकान, पॉलिशपेपर.

आरोग्यम्मा ऐकत होती. पट्टीवाल्या माणसाच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही.

"म्हणजे फूल आलं नाही," ती शेवटी म्हणाली.

"नाही."

"रंग."

"रंग."

मेणबत्तीचं मेण खाली ओघळून थिजलं. मग ती माझ्याशी नाही, आईशी बोलली.

"सोडताना तोंड कुठं होतं तिचं?"

"वर. आभाळाकडं. ह्यांनी हातावर धरून सोडली, टाकली नाही."

"आमच्यात मातीत ठेवतात. आशीर्वाद दिलेली चीज तुटली तर मातीत, नाहीतर जाळून मातीत. फेकत नाहीत, कधीच."

"मी फेकली नाही, अक्का. पोटच्या पोरीसारखी ओटी भरून पाठवली."

"हौ," आरोग्यम्मा म्हणाली. "ते समजलं मला."

आईला मग राहवलं नाही. इतके दिवस मनात ठेवलेलं तिनं विचारून टाकलं. "तूच सांगायचीस ना, आम्ही मूर्तीला पुजत नाही, जिची मूर्ती तिला मानतो. मग प्लास्टर गेलं त्याला इतकं कैकू रडायचं?"

आरोग्यम्मानं भिंतीकडे बोट केलं. दिसत नसूनही बरोबर रायप्पाच्या फोटोकडे. "तो फोटो फाडला तर रायप्पा परत मरत नाही. पन फाडणार काय तू?"

आई म्हणाली, "नाही."

"मग झालं तर." ती उठली, कोनाड्यातली मूर्ती चाचपून उचलली आणि माझ्या हातात दिली. "घेऊन जा. उद्या दवाखान्यात तू पन ये. रिक्षा तूच कर."

शनिवारी डॉक्टरनं पट्टी काढली. "उघडा डोळा, अम्मा."

"नक्को."

"उघडा. किती बोटं आहेत सांगा."

"नंतर सांगते."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. त्यानं थेंब दिले, काळा चष्मा दिला, धूळ जाऊ देऊ नका असं सांगितलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. आरोग्यम्मा डोळा घट्ट मिटून, माझ्या आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून, जिन्यावरून उतरली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "टँकबंड."

हैदराबादेतल्या अख्ख्या धुळीतून ती मिटल्या डोळ्यानं गेली. रिक्षा थांबली. आम्ही तिला कठड्यापाशी आणली.

"इथंच?"

"त्या पायऱ्यांपाशी," आई म्हणाली. "थोडी डावीकडं वळ. आता समोर."

तिनं चष्म्यामागे डोळा उघडला. मला तो दिसला नाही, पण तिच्या हाताची पकड सुटली त्यावरून कळलं. समोर नुसतं पाणी होतं, दुपारचं, चकाकणारं, थोडं हिरवट. ती बघत राहिली. पाण्यात चेहरा नव्हता, काही नव्हतं. तिनं कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावला. मग आपल्याच बोटांचा मुका घेऊन ती बोटं कठड्यावर टेकवली.

"मधी तो चौथरा कुनाचा? वर कुनी नाही."

"बुद्धाचा," मी म्हणालो. "तो खाली आहे. दोन वर्षांपूर्वी आणताना पाण्यात गेला. माणसंही गेली त्याच्याबरोबर. तळाशी आडवा आहे."

"अजून?"

"अजून."

ती जरा विचार करून म्हणाली, "मग एकटी नाही ती."

आई तोंडाला पदर लावून रडत होती. आरोग्यम्मानं तिच्याकडे मान वळवून पाहिलं, निरखून, मोतीबिंदूनंतर पहिल्यांदा. "तू म्हातारी झालीस, चतुरक्का. कुनी सांगितलं नाही मला." मग माझ्याकडे. "आणि ह्याला मिशा कधी आल्या?"

"चार वर्षं झाली," मी म्हणालो.

"चांगल्या नाहीत."

परत येताना तारनाक्याचा चौक आल्यावर ती म्हणाली, "ती दुसरी कुठंय? घासलेली?"

"टीव्हीमागे. लपवून ठेवलीये."

"उद्या चर्चला घेऊन ये. फादर पानी मारेल."

रविवारी मी बाहेर उभा राहिलो, मूर्ती हातात. फादरनं झिजलेला डावा पाय आणि कोरा उजवा पाय पाहिला, कोणाला काही विचारलं नाही, प्रार्थना म्हणून पाणी शिंपडलं. थोडं माझ्यावरही उडालं. दुकानदारानं सांगितलं होतं तसं झालं असणार, कारण परतीच्या वाटेवर मला ती जड लागायला लागली होती. रिक्षात मी तिला मांडीवरून खाली ठेवली नाही.

कोनाड्यात तिला बसवल्यावर आरोग्यम्मा पुढे झाली. मी घासलेल्या डाव्या पायाकडे तिनं बघितलं आणि बोटानं हलकेच बाजूला केल्यासारखं केलं. "हा तुझा," ती मला म्हणाली. "तू घासला, तू सांभाळ. येता-जाता हात लाव, बस."

मग ती उजव्या पायाशी वाकली. ते पिवळं फूल अगदी नवं होतं, पाकळीपाकळी दिसत होती. बारा वर्षं तिनं त्या बाजूला तोंड नेलं नव्हतं. ती तिथे थांबली, एवढा वेळ की आई पुढे व्हायला निघाली, मी तिला धरलं.

"त्या दिवशीचा त्याचा राहिला होता," आरोग्यम्मा म्हणाली. "तो मी देते." आणि तिनं ओठ टेकले.

डिसेंबर लागता लागता बुद्ध पाण्यातून वर आला. आई मुद्दाम टँकबंडवर जाऊन आली. काय पाहिलंस विचारलं तर म्हणाली, "काही नाही. म्हटलं, त्याच्या अंगाला एखादा हिरवा खण लागून आला असला तर." नव्हता.

ह्याला आता दहा वर्षं झाली. केबलवर साठ वाहिन्या येतात. मला कुकटपल्लीला नोकरी लागली आहे, मिशा काढून टाकल्या आहेत. आरोग्यम्मा रोज सकाळी उजव्या पायाशी वाकते, आणि ते फूल अर्धंअधिक गेलं आहे. सुट्टीच्या दिवशी मी डाव्याला हात लावतो. चर्चची माणसं जपमाळेला तिच्या खोलीत जमतात तेव्हा कोणीतरी हमखास विचारतं, हा डावा पाय इतका कसा झिजला. आरोग्यम्मा जपमाळेचा पुढचा मणी ओढते. दारात बसलेली आई सांगते, "माल तसाच आला होता."